व्हाइट बेल्टचं पहिलं वर्ष: बीजेजेचा क्लास लावण्याआधी

मुंबई-पुण्यात जूनमध्ये ब्राझिलियन जिउ-जित्सूचा क्लास लावणाऱ्याची पहिली झटापट ओल्या कपड्यांशी होते, हे कुणी आधी सांगत नाही. गीचं, म्हणजे या खेळाच्या पोशाखाचं, जाड सुती जॅकेट पावसाळ्यात पंख्याखाली टाकलं तरी दोन-दोन दिवस ओलं राहतं आणि कुबट वास धरतं. आमची बॅच जूनमध्येच सुरू झाली. पुढचा जून उजाडेपर्यंत अर्ध्याहून जास्त मंडळी गळली होती. टिकले ते ताकदीचे होते म्हणून टिकले, असं काही दिसलं नाही. वेळेवर टॅप करणारे (थाप मारून हार मानणारे), दुखणं अंगावर न काढणारे आणि आठवड्यातले ठरलेले दिवस न चुकवणारे टिकले. त्या वर्षात काय काय होतं, ते क्रमाने लिहितो.

सुरुवात फोनवरच्या चौकशीपासून. आपल्याकडे ‘जिउ-जित्सू’ची पाटी दोन वेगळ्या गोष्टींवर दिसते. एक जपानी पद्धतीचा क्लास: रांगेत उभं राहून ठोसे, लाथा, ठरवून दिलेल्या हालचाली, कराटेच्या जवळ जाणारा. दुसरा ब्राझिलियन, म्हणजेच बीजेजे, जो बहुतांशी जमिनीवर चालतो. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोडोकान काढून ज्युडोला आकार दिला, त्यांच्या परंपरेतले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले, आणि पुढे ग्रेसी घराण्याने जमिनीवरची लढत वाढवली. १९९३ च्या पहिल्या यूएफसीत, म्हणजे मिश्र मार्शल आर्टच्या स्पर्धेत, रॉयस ग्रेसी अंगाने मोठ्या प्रतिस्पर्ध्यांना हरवून जिंकला, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. तुम्हाला यातलं नेमकं काय शिकायचंय ते ठरवा आणि फोनवर तीन प्रश्न विचारा. शिकवणाऱ्याचा बेल्ट कोणता आणि तो कुणी दिला? रोज खरा सराव, म्हणजे ‘रोल’, होतो का? बेल्टच्या परीक्षेची फी आहे का? बीजेजेत सहसा दर तीन महिन्यांनी परीक्षा, फी आणि नवा रंग असला प्रकार नसतो. पर्पल किंवा ब्राऊन, म्हणजे ब्लॅकच्या खालच्या, बेल्टवाला शिकवत असेल तर बिचकू नका, आपल्याकडे ते सर्रास आहे आणि नवशिक्याला पुरून उरतं. पण ‘माझा बेल्ट कुणी दिला’ याचं सरळ उत्तर न देणाऱ्याकडे जाऊ नये.

ट्रायल क्लास बहुतेक ठिकाणी फुकट असतो. तो करताना शिकवणाऱ्यापेक्षा जुने विद्यार्थी नव्यांशी कसे वागतात ते पाहा. ऐंशी किलोचा ब्लू बेल्ट पंचावन्न किलोच्या नव्या मुलीवर सगळं वजन टाकून बसला असेल आणि कोच मोबाइल बघत असेल, तर त्या क्लासला रामराम.

पैशांचा हिशेब साधारण असा. आमच्या भागात महिन्याची फी ४,००० रुपयांच्या आसपास आहे, तिमाही एकदम भरली तर थोडी उतरते. पहिल्या महिन्यात मात्र तिमाही भरू नका. दुखापत झाली किंवा ऑफिसने बाहेरगावी पाठवलं तर फी पुढे सरकते का, किती दिवस आधी कळवावं लागतं, हे लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना. नाव घालताना एक फॉर्म भरून घेतात: रक्तगट, आपत्कालीन संपर्क, जुनी दुखणी, आणि दुखापतीची जबाबदारी माझी, असा मजकूर. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही. मणक्याची गादी सरकलेली असेल, खांदा निखळून गेलेला असेल, बीपीची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तसं तिथे लिहा, कोचला तोंडीही सांगा आणि आपल्या डॉक्टरला विचारूनच उतरा.

विम्याचं कलमही याच आठवड्यात वाचून घ्यावं. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत ‘धोकादायक किंवा साहसी खेळ’ हा ठरलेला अपवाद असतो, एक्स्क्लूजन ०९ या क्रमांकाने. त्याची भाषा व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांपुरती आहे. हौसेने शिकणारा त्यात सहसा येत नाही, पण अपघात विम्याच्या अटी वेगळ्या असू शकतात. कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर ठेवलं की नंतर हुज्जत नको.

पहिल्या दिवशी गी लागत नाही. अंगासरशी टी-शर्ट, आणि चेन, खिसे किंवा बटणं नसलेली पँट पुरते. खिशात समोरच्याचं बोट अडकलं तर ते मोडू शकतं, म्हणून खिसे नकोत. हातापायाची नखं आदल्या रात्री कापा. अंगावरचं सगळं काढायचं: अंगठी, कडं, बांगड्या, मंगळसूत्र, नथनी, पायातली जोडवी. मनगटातला देवाचा दोरा काढायला लोक नाखूश असतात. पण त्यात दुसऱ्याचं बोट अडकून पिळलं जातं, ते एकदा पाहिलं की वाद संपतो. निघत नसेल तर वरून टेप गुंडाळा. मॅटवर अनवाणी आणि मॅटबाहेर चपलेत, हा नियम काटेकोर पाळायचा. स्वच्छतागृहात अनवाणी जाऊन तेच पाय मॅटवर आणणाऱ्याला आमच्याकडे कोच बाहेर उभं करतो, आणि बरोबरच करतो.

क्लास दीड तासाचा. दहा-पंधरा मिनिटं वॉर्म-अप, त्यात कोलांट्या, पडण्याचा सराव, आणि पाठीवर पडून नितंब मागे सरकवत जाणं, ज्याला ‘श्रिंप’ म्हणतात. हे नव्याला हास्यास्पद वाटतं आणि त्याला ते जमतही नाही. पण खालून सुटण्याचे निम्मे मार्ग याच हालचालीवर उभे आहेत, तेव्हा वॉर्म-अप संपेपर्यंत बाहेर बूट काढत बसू नका. मग एक-दोन तंत्रं, जोडीदाराबरोबर त्यांची उजळणी, आणि शेवटी पाच-पाच मिनिटांचे रोल. काही ठिकाणी पहिले काही आठवडे नव्यांना रोल करू देत नाहीत. ते चांगलं लक्षण समजा. संध्याकाळच्या बॅचला जाणाऱ्याने साडेचार-पाचला केळं किंवा पोहे खावेत, क्लासच्या आधीच्या दोन तासांत भरपेट काही नको. पोटावर गुडघा आला की वडापाव आठवतो.

टॅप हा या खेळाचा पहिला धडा आहे, आणि लोक तोच सर्वांत उशिरा शिकतात. समोरच्याच्या अंगावर, त्याला जाणवेल अशा दोन-तीन थापा मारायच्या. हात अडकले असतील तर पायाने मॅटवर आपटायचं किंवा तोंडाने ‘टॅप’ म्हणायचं, खरं तर दोन्ही एकदम. हवेत हात हलवला तर कुणाला कळत नाही. कधी टॅप करायचा, हे पकडीवर अवलंबून. आर्मबारमध्ये, म्हणजे हात ताणून कोपर उलटं वाकवण्याच्या पकडीत, कोपर सरळ झालं आणि सुटायला वाट दिसत नाही, इथेच टॅप. दुखायला लागेपर्यंत थांबलात तर दोन महिने पिशवी त्या हाताने उचलता येणार नाही. गळ्याच्या चोकमध्ये मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. नीट बसला तर दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपते, आणि त्याआधी फारसं दुखतही नाही, म्हणून लोक फसतात. कुणी बेशुद्ध झालाच तर पकड लगेच सोडा, त्याला सपाट झोपवून पाय उचलून धरा. बहुधा काही सेकंदांत जागा होतो, पण त्या दिवशी त्याने पुन्हा मॅटवर उतरायचं नाही. जागा व्हायला वेळ लागला तर सरळ डॉक्टर गाठायचा. आणि हील हूक, म्हणजे टाच पिळण्याची पकड, नवशिक्याने लावूही नये आणि कुणी लावली तर क्षणभरही अडू नये. टाच पिळली की पिळा गुडघ्यात जातो, आणि दुखण्याची जाणीव होईतो अस्थिबंध गेलेला असू शकतो.

पहिल्या महिन्यात तंत्रापेक्षा श्वास आडवा येतो. नवा माणूस श्वास कोंडून, दात आवळून, कॉलर घट्ट धरून झुंजतो आणि दीड मिनिटात त्याच्या हातातली ताकद संपते. साइड कंट्रोलमध्ये कुणी छातीवर आडवं पडलं की गुदमरल्यासारखं होतं. काहींना खरी घबराट येते, विशेषतः चेहऱ्यावर घामाने भिजलेलं जॅकेट आलं की. तेव्हा टॅप करून बसून राहायला कुणाची हरकत नसते. नाकाने श्वास आत, तोंडाने हळू बाहेर, एवढंच करत पाच मिनिटं खाली पडून राहायचं, सुटायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही, असा एक रोल मुद्दाम मागून घ्या. जुने लोक आनंदाने देतात. दोन-तीन आठवड्यांत ती भीती बरीच उतरते. आपल्यापेक्षा वीस किलोंनी हलक्या माणसाकडून एका रोलमध्ये चारदा हरल्याची शरम उतरायला त्याहून जास्त वेळ लागतो. दंडांवर, मांड्यांवर हिरवे-निळे वळ उठतात, ऑफिसात लोक हळूच विचारपूस करतात, आणि संध्याकाळच्या क्लासनंतर रात्री एकपर्यंत झोप येत नाही. हे सगळं ठरलेलं आहे.

तालमीतून आलेल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. आमच्याकडे असे दोघे होते. उभ्याने त्यांच्या जवळ जायची सोय नव्हती. एकेरी पट, दुहेरी पट, मानेवरची पकड, सगळं घोटलेलं. पण पाठ लागली की कुस्ती गेली, हे अंगात इतकं भिनलेलं असतं की खाली पडताच पैलवान झटक्यात पोटावर वळतो. कुस्तीत हा बचाव आहे. बीजेजेत ही समोरच्याला दिलेली पाठ आहे. तो दोन्ही पाय मांड्यांच्या आत अडकवतो, एक हात गळ्याखाली घालतो आणि मागून चोक लावतो. पाठीवर पडून पाय समोरच्याच्या आणि आपल्या मध्ये ठेवणं, म्हणजे गार्ड, ही इथे लढायची जागा आहे. पैलवानाला ती मानायला बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. पण मानली की त्याला आवरणं कठीण जातं, कारण वजन कुठे टाकायचं हे त्याला आधीपासून येत असतं.

साधारण दुसऱ्या महिन्यात गी घ्यावी, आधी नको. गळणारे बहुतेक तोवर गळलेले असतात, आणि कपाटात कोरी गी पडून राहणं ओळखीच्या दोन-तीन घरांत पाहिलंय. चांगली गी ५,००० ते ८,००० रुपयांच्या घरात येते. मापं ए१, ए२, ए३ अशी असतात, पण दोन कंपन्यांची ए२ एकसारखी नसते, म्हणून त्या त्या कंपनीचा उंची-वजनाचा तक्ता पाहायचा. सुती कापड आटतं. पहिल्यापासून गार पाण्यात धुवा, ड्रायर नको, ब्लीच तर अजिबात नको, त्याने धागा कमजोर होतो. पुढे स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर रंग पांढरा, रॉयल निळा किंवा काळा यांतलाच घ्या, आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय बीजेजे महासंघाच्या नियमांत तेवढेच चालतात. मुंबई-कोकणात पावसाळाभर एका गीवर भागत नाही. दुसरी घेणं परवडत नसेल तर आठवड्यातला एक दिवस नो-गीला, म्हणजे रॅश गार्ड (अंगाला चिकटून बसणारा लवचिक टी-शर्ट) आणि शॉर्ट्सवर, जा. ते रात्रीत वाळतात. बेल्टही धुवायचा. न धुतलेल्या बेल्टात विद्या साठते असं मानणारे भेटतील. त्यात साठतो तो घाम. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा माउथगार्ड तीन-चारशे रुपयांत मिळतो, तो मात्र पहिल्या रोलच्या आधीच घ्या.

त्वचेचं दुखणं याच सुमारास सुरू होतं. दमट हवेत नायटा मॅटवर झपाट्याने पसरतो. गोल, लालसर, कडेने उठलेला, खाजरा चट्टा दिसला की मॅट बंद, त्वचारोगतज्ज्ञ गाठायचा. मेडिकलवाल्याकडून ‘खाज जाईल’ असं क्रीम आणू नका. त्यांतल्या बऱ्याच मिश्रणांत स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आत वाढत राहते, आणि मग महिनोन्‌महिने औषधं घ्यावी लागतात. क्लासनंतर तासाभरात साबण लावून आंघोळ, आणि ओली गी पिशवीत रात्रभर न ठेवणं, एवढ्याने बरंच टळतं. कानाचंही तसंच. पैलवानांचे मोडलेले कान आपण पाहिलेले असतात. घासून-दाबून कानाच्या कूर्चेवर रक्त साचतं आणि तसंच राहिलं तर घट्ट होतं. कान सुजून मऊ, दुखरा लागला तर एक-दोन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ते काढून घ्यायचं, वर दाब देणारी पट्टी बांधून घ्यायची आणि बरं होईपर्यंत रोल बंद. घरी सुई टोचायचे उद्योग करू नयेत.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात मोबाइलवर पाहिलेले चमकदार डाव करून बघायचा मोह होतो. त्याऐवजी माउंटखालून सुटणं पक्कं करा. कोणी पोटावर बसलाय, त्याचा उजवा हात तुमच्या छातीवर किंवा कॉलरवर आहे. तो हात दोन्ही हातांनी छातीशी कवटाळा. त्याच बाजूचा, म्हणजे त्याचा उजवा पाय, तुमच्या डाव्या पायाने बाहेरून अडकवा. तुमची दुसरी टाच नितंबाजवळ ओढा. आता कंबर उंच उचला आणि डाव्या खांद्यावरून, तिरकं वळा. जमत नाही तेव्हा बहुतेकदा तीनपैकी एक बिघडलेलं असतं. पाय अडकवलेला नसतो, म्हणून तो पाय टेकवून उभा राहतो. हात निसटलेला असतो, म्हणून तो हात टेकवतो. किंवा कंबर सरळ वर जाते आणि तो दोन इंच उचलला जाऊन पुन्हा पोटावर येतो. उलटवल्यावर तुम्ही त्याच्या पायांच्या मध्ये, त्याच्या गार्डमध्ये पोचता. तिथे पाठ ताठ, मान वर. आणि या सगळ्यात एक काम कधीच करायचं नाही: खालून दोन्ही हात सरळ करून त्याची छाती ढकलणं. सरळ झालेला हात म्हणजे आर्मबारचं निमंत्रण. साइड कंट्रोलखालीही तेच. तळव्यांनी ढकलू नका. एक पुढचा हात त्याच्या मानेला, दुसरा कमरेला आडवा लावा, कोपरं अंगाजवळ, आणि तो सरकत नसेल तर तुम्ही सरका. त्यासाठीच श्रिंप.

सर्वांत जास्त दुखापती दोन व्हाइट बेल्ट एकमेकांशी रोल करताना होतात, असा आमचा अनुभव. दोघांनाही वेग कमी करता येत नाही. पडताना मागे हात टेकवणं, अंगावर उडी मारून पाय कमरेला आवळणं, बाजूने कात्री घालून पाडणं, हे तिन्ही टाळा. पहिल्यात तुमचं मनगट, कोपर किंवा खांदा जातो, उरलेल्या दोनांत समोरच्याचा गुडघा. बरगडीचा स्नायू किंवा कूर्चा ताणली गेली तर हसताना, शिंकताना कळ येते आणि महिना-दीड महिना जातो. त्यावर विश्रांतीखेरीज फार उपाय नाही. मात्र श्वास घेताना दुखत असेल तर एक्स-रे काढून घ्यावा. बायकांनी, हलक्या अंगाच्यांनी, चाळिशीच्या पुढच्यांनी नव्या दांडग्या जोडीदाराला ‘आज नको’ म्हणायला संकोच करू नये. रोल नाकारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि त्याचं कारण द्यावं लागत नाही.

डिसेंबर-जानेवारीत एक जण पहिली स्ट्राइप, म्हणजे बेल्टवरची प्रगतीची खूण, घेतो, दुसरा घेत नाही, आणि रुसवेफुगवे होतात. व्हाइट बेल्टच्या काळ्या पट्टीवर चारपर्यंत स्ट्राइप लागतात, कधी ते कोच ठरवतो. ब्लू बेल्टला आयबीजेजेएफच्या नियमाने किमान वय १६, त्याखालच्या मुलांसाठी राखाडी, पिवळा, नारिंगी, हिरवा अशी वेगळी वाट. आठवड्याला तीन दिवस नेमाने येणाऱ्याला ब्लू बेल्ट मिळायला बहुधा दीड-दोन वर्षं लागतात, ब्लॅक बेल्टला दहाच्या आसपास. वर्षात ब्लॅक बेल्टची हमी देणारा क्लास दिसला तर वरचे तीन प्रश्न पुन्हा विचारा.

मार्च-एप्रिलमध्ये स्पर्धा लागली तर जायला हरकत नाही, सक्तीही नाही. नोंदणीला वयाचा पुरावा, फोटो, बेल्ट आणि वजनगट लागतो. गट आयबीजेजेएफच्या धर्तीवर असतील तर वजन गी घालूनच करतात, म्हणून गीचं दीड-दोन किलो आधीच धरा: ७० किलोच्या गटात उतरायचं तर अंगाचं वजन ६८ च्या आसपास हवं. व्हाइट बेल्टची लढत पाच मिनिटांची. पाडल्याचे २ गुण, खालून उलटवल्याचे २, पोटावर गुडघा रोवल्याचे २, गार्ड ओलांडल्याचे ३, माउंट किंवा पाठ मिळवल्याचे ४, आणि पकड लावून टॅप घेतला तर गुण बघायचेच नाहीत. जागा मिळवून तीन सेकंद टिकवावी लागते, तेव्हाच गुण. सकाळी नऊला बोलावून दुपारी तीनला नाव पुकारतात, म्हणून डबा, पाणी, ओआरएस आणि पांघरायला जॅकेट न्या. पहिल्या मिनिटातच हात भरून येतात, क्लासमध्ये कधी येत नाहीत इतके. कॉलर गच्च धरून ठेवण्यापेक्षा पकड सोडून पुन्हा धरली तर ते कमी होतं.

प्रमाणपत्र हातात आलं की घरचे विचारतात, याचा नोकरीत उपयोग आहे का. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण कोणता खेळ, कोणत्या संघटनेची स्पर्धा, कोणता दर्जा, यावर सगळं ठरतं, आणि प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. आयोजकाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. प्रवेश फी भरण्याआधीच स्पर्धेचं माहितीपत्रक घेऊन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा आणि तिथलं उत्तर लेखी मागा.